वाट बदलणाऱ्यांचा वकील कोण?

महाविद्यालयीन प्रवेशाचा हंगाम आला की गुणवंतांचे सत्कार होतात, नामांकित महाविद्यालयांच्या प्रवेशरेषा किती टक्क्यांवर थांबल्या याची चर्चा रंगते आणि ज्यांना तेथे जागा मिळाली नाही त्यांच्या घरी चार दिवस सुतकी कळा येते. या साऱ्या गदारोळात एका मोठ्या वर्गाची कोणी दखलच घेत नाही. तो वर्ग आहे मध्येच वाट बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचा. आयटीआय करून पदविकेकडे वळलेला, पदविका संपवून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात आलेला, वडिलांची नोकरी सुटली म्हणून दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण थांबवून तीन वर्षांनी परतलेला, लग्नानंतर सासरच्या गावी पदवी पुरी करू पाहणारी, मुक्त विद्यापीठातून नियमित महाविद्यालयात येऊ पाहणारा. आपल्या शिक्षणव्यवस्थेच्या लेखी हे सारे अपवाद आहेत. वस्तुतः वसई-विरारसारख्या भागात हा अपवाद नसून घरोघरचा अनुभव आहे.

या परिसराची घडणच तशी आहे. विरारहून मुंबईला उपनगरी गाडी धावू लागली ती १८६७ मध्ये. तेव्हापासून हा भूभाग मुंबईच्या वेळापत्रकाला बांधलेला आहे. चार नगरपालिका आणि भोवतालची गावे एकत्र करून २००९ मध्ये येथे महानगरपालिका झाली आणि २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेली. मुंबईत घर परवडेनासे झालेला गिरणगावचा मराठी माणूस, कोकणातून आलेला, उत्तरेतून आलेला, या सर्वांना नालासोपारा-विरारने सामावून घेतले. अशा कुटुंबांतील मुलांचे शिक्षण सरळ रेषेत होत नाही. ते बापाच्या नोकरीबरोबर, भाड्याच्या घराच्या करारनाम्याबरोबर आणि बहिणीच्या लग्नाबरोबर वळणे घेत जाते. त्यांपैकी पुष्कळजण पहाटेच्या लोकलने कामाला जातात आणि उरलेल्या वेळात शिकतात.

येथे शिक्षणसंस्था नाहीत असे कोणी म्हणणार नाही. भाऊसाहेब वर्तकांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या विद्यावर्धिनीचे अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय वसई रोडला गेली अनेक दशके आहे. त्याच संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ पासून आहे. वसईत संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय आहे, विरारला विवा आहे, पालघरला सोनोपंत दांडेकरांच्या नावाचे महाविद्यालय आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरीचा वनवासी विद्यार्थी आणि वसई-विरारचा चाकरमानी विद्यार्थी एकाच जिल्ह्याच्या नकाशात आले. विद्यापीठ मात्र तेच राहिले, १८५७चे, मुंबईचे. मोखाड्याच्या मुलाला पात्रता प्रमाणपत्रातील एक त्रुटी दूर करण्यासाठी कलिन्याला जायचे म्हणजे अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी खर्ची घालावी लागते.

वाट बदलताना नेमके काय होते, हे ज्यांनी भोगले नाही त्यांना समजावून सांगणे कठीण आहे. जुन्या महाविद्यालयाचा ना हरकत दाखला, विद्यापीठ वेगळे असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट, त्यावर नव्या विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र, मध्ये वर्ष गेले असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र. यांतला प्रत्येक कागद निराळ्या खिडकीवर मिळतो आणि प्रत्येक खिडकीला आधीचा कागद लागतो. जुन्या महाविद्यालयाची थकीत फी असेल तर मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवण्याची प्रथा अनेक ठिकाणी रूढ होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये अधिसूचना काढून मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यास स्पष्ट मनाई केली, पण खिडकीपलीकडच्या कारकुनाला ती दाखवणार कोण? विद्यार्थ्याला तिचा पत्ता नसतो आणि पालकाला तर आपला मुलगा महाविद्यालय बदलतो आहे याचीच लाज वाटत असते.

थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्या पदविकाधारकांचे उदाहरण घ्यावे. विक्रमगडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून किंवा अन्य कोठून पदविका घेऊन हा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या सत्रात बसतो. त्याचे हात यंत्रावर चांगले चालतात. कार्यशाळेत तो बारावीहून आलेल्या मुलांना शिकवू शकतो. पण प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्यामुळे तो वर्गात येतो तेव्हा अनेकदा अध्यापन सुरू होऊन आठवडे उलटलेले असतात. गणिताचा जो पाया बाकीच्यांनी पहिल्या वर्षात घातला, तो याने निराळ्या पद्धतीने आणि कमी खोलीने घातलेला असतो. पहिल्याच सत्रात एटीकेटी लागते. मग तो 'डिप्लोमावाला' ठरतो. जी व्यवस्था त्याला कागदावर सन्मानाने आत घेते, तीच त्याला वर्गात मागच्या बाकावर बसवते. त्याच्यासाठी चार आठवड्यांचा गणिताचा पूरक वर्ग ठेवावा, इतकी साधी गोष्ट आहे. ती होत नाही, कारण ज्या बैठकीत ती सुचवायची त्या बैठकीत असा मुलगा कधीच नसतो.

अमेरिकेत या प्रकारच्या शिक्षणाला एक स्वतंत्र नाव आणि सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. १९०१ मध्ये इलिनॉय राज्यात जोलिएट येथे पहिले 'ज्युनियर कॉलेज' निघाले; त्यातून पुढे कम्युनिटी कॉलेजची चळवळ वाढली. घराजवळचे, स्वस्त, कोणालाही प्रवेश देणारे दोन वर्षांचे महाविद्यालय, आणि तेथे चांगले गुण मिळवले की विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात स्थानांतर. कॅलिफोर्नियाने १९६० च्या बृहत् आराखड्यात ही शिडी राज्याच्या धोरणाचा भाग केली: निवडक विद्यार्थी थेट विद्यापीठात जातील, उरलेले सर्व कम्युनिटी कॉलेजमध्ये, पण त्यांना वर चढण्याचा मार्ग खुला राहील. आज तेथे अशी शंभराहून अधिक सार्वजनिक महाविद्यालये आहेत. अमेरिकेतल्या भाच्याने कम्युनिटी कॉलेजात नाव घातल्याचे कळल्यावर वसईतली मावशी अजूनही आवाज खाली आणून बोलते, हा भाग निराळा! तिला 'नापास झाला का?' असे विचारायचे असते. दोन वर्षांनी तोच भाचा बर्कलेत दिसतो तेव्हा कोडे सुटते.

पण त्या व्यवस्थेचेही गोडवे गाण्याचे कारण नाही. शिडी असूनही पायऱ्या निखळत राहिल्या. एका महाविद्यालयात शिकलेला विषय दुसऱ्याने मान्य न केल्याने विद्यार्थ्यांना तेच पुन्हा शिकावे लागे. शेवटी २०१० मध्ये तेथील विधिमंडळाला स्थानांतरासाठी खास पदवी निर्माण करणारा कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये सर्व कम्युनिटी कॉलेजांत समान विषयाला समान क्रमांक देण्याचा आणखी एक. आराखडा झाल्यावर साठ वर्षांनी! या दीर्घ प्रवासात दखल घेण्याजोगी गोष्ट एकच. तेथे राज्याच्या विद्यापीठाच्या नियामक मंडळावर विद्यार्थी सदस्य बसतो, कम्युनिटी कॉलेजांच्या राज्यस्तरीय मंडळावरही बसतो. कम्युनिटी कॉलेजातून स्थानांतर करून आलेले विद्यार्थी उच्चशिक्षणाच्या धोरणासाठी पाठपुरावा करणाऱ्या संस्थांत काम करतात, आमदारांपुढे साक्ष देतात, कोणता श्रेयांक कोठे बुडाला याचा हिशेब मांडतात. ज्याचे सहा महिने वाया गेले, त्याने बोललेले वाक्य आणि शिक्षणतज्ज्ञाने लिहिलेला अहवाल यांत फरक असतो.

'तुमची पदवी येथे चालत नाही' हे वाक्य महाराष्ट्राला नवे नाही. १९१६ मध्ये महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापले, मातृभाषेतून उच्चशिक्षण देण्याचे धाडस केले आणि आपल्या स्नातिकांना 'गृहीतागमा' ही पदवी दिली. सरकारने ते विद्यापीठ मानले नव्हते. या पदवीला कायद्याचे पाठबळ मिळण्यास १९५१ साल उजाडावे लागले. तोवर पस्तीस वर्षे गेली. असहकाराच्या काळात सरकारी महाविद्यालये सोडून राष्ट्रीय विद्यापीठांत गेलेल्या तरुणांचे तेच झाले. पुण्यात १९२१ मध्ये टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले, काशीत काशी विद्यापीठ निघाले. त्या काशी विद्यापीठाची १९२५ मधली एक पदवी, जिला तेव्हाच्या सरकारच्या लेखी मोल नव्हते, पुढे देशाच्या पंतप्रधानाचे आडनाव होऊन बसली: शास्त्री. त्या पिढीला मान्यता नव्हती, पण पाठीशी कर्वे होते, टिळकांचे अनुयायी होते; त्यांची बाजू मांडणारे समाजात मान असलेले लोक होते. आजच्या नालासोपाऱ्याच्या मुलाच्या पाठीशी कोण आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० या प्रश्नावर उत्तर घेऊन आले, हे निःसंशय. एक वर्ष शिकला तर प्रमाणपत्र, दोन वर्षे तर पदविका, तीन वर्षे तर पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स. मध्येच थांबावे लागले तरी शिकलेले वाया जाऊ नये, ही कल्पना आपल्या समाजाच्या वास्तवाशी जुळणारी आहे. २०२१ मध्ये अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक त्याच्या खात्यात जमा राहतात आणि सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. पहिल्या वर्षाचे किमान चाळीस श्रेयांक, दुसऱ्याअखेर ऐंशी, पदवीला एकशे वीस. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांत परतावे, अशी तरतूद आहे. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून हे धोरण लागू झाले.

तथापि बँकेत ठेव असणे आणि ती दुसऱ्या शाखेत वटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. खात्यातील श्रेयांक स्वीकारायचे की नाही, हे नवे महाविद्यालय आणि नवे विद्यापीठ ठरवते. स्वायत्त महाविद्यालयांचे अभ्यासक्रम आपापले. संलग्न महाविद्यालयांचे विद्यापीठाचे. एका ठिकाणी अर्थशास्त्र मुख्य आणि मानसशास्त्र गौण विषय घेतलेली मुलगी विरारहून पालघरला आली आणि तेथे मानसशास्त्राचा गौण विषयच उपलब्ध नसेल तर तिचे श्रेयांक खात्यात सुरक्षित राहतील, पण पदवीत धरले जाणार नाहीत. मोठ्या शहरातील महाविद्यालयाला विषयांची विपुल निवड देता येते. ग्रामीण महाविद्यालयाला दोन प्राध्यापक नेमण्याची मारामार. भारतीय ज्ञान प्रणालीचे दोन श्रेयांक सर्वत्र आवश्यक झाले याचे स्वागत आहे, पण एका ठिकाणी घेतलेले ते दोन श्रेयांक दुसरीकडे त्याच नावाच्या विषयासाठी मान्य होतील, याची हमी महाविद्यालय बदलणाऱ्या मुलाला आज कोणी लेखी देत नाही. उद्देश थोर आणि अंमलबजावणीचा दुवा कच्चा, हा आपल्या प्रशासनाचा जुना आजार आहे. दुवा तपासायचा तर तो ओढून पाहणारा हवा.

तो ओढून पाहण्याचे हक्काचे स्थान म्हणजे विद्यार्थी परिषद, आणि तेथेच खरी पोकळी आहे. १९८९ मध्ये मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैमनस्यातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. त्यानंतर १९९४च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद केल्या आणि गुणवत्तेच्या आधारे प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. गुणवत्ता म्हणजे गुण. याचा अर्थ असा की पहिल्या वर्षापासून सरळ चालत आलेला, उत्तम गुणांचा विद्यार्थीच प्रतिनिधी होणार. तो कितीही सज्जन असला तरी एटीकेटीची खिडकी त्याने कधी पाहिलेलीच नाही! २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका पुन्हा आणल्या, विद्यापीठ विद्यार्थी परिषदेच्या पदाधिकाऱ्यांना अधिसभेत स्थान दिले. २०१९ मध्ये त्याची तयारीही झाली, पण विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ती लांबणीवर पडली. त्यानंतर करोनाने शिक्षणसंस्थांचीच दारे बंद केली. हिंसाचाराची भीती खोटी नव्हती. परंतु तीन दशकांपूर्वीच्या एका हत्येची शिक्षा आज जन्मालाही न आलेल्या पिढीने का भोगावी, याचे उत्तर शासनांनी दिलेले नाही. या काळात सत्तेवर आलेल्या सर्व पक्षांना हा प्रश्न लागू आहे, आपल्या विचारांच्या पक्षांनाही.

विद्यार्थी हा उद्याचा नव्हे तर आजचा नागरिक आहे, ही भूमिका घेऊन १९४९ मध्ये अखिल भारतीय विद्यार्थी परिषद उभी राहिली. मुंबईत इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या यशवंतराव केळकरांनी तिला घडवताना विद्यार्थी, शिक्षक आणि प्रशासन हे एकाच शैक्षणिक परिवाराचे घटक आहेत, हे सूत्र धरले. परिवारात मागे राहिलेल्याची वास्तपुस्त आधी केली जाते. तेव्हा कार्यकर्त्यांनीही स्वतःला विचारायला हवे: आपल्या महाविद्यालयीन शाखांचे पदाधिकारी कोण आहेत? पदविकेहून आलेले किती, रात्रमहाविद्यालयातले किती, मुक्त विद्यापीठातले किती? मोर्चा आणि निवेदन यांचे महत्त्व आहेच. पण २०१७ मध्ये, विद्यापीठाच्या एकशे साठाव्या वर्षी, संगणकीय मूल्यांकनाच्या घोळात लाखो उत्तरपत्रिकांचे निकाल रखडले आणि कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले, तेव्हा ज्यांचे पुढचे प्रवेश हुकले त्यांपैकी कितीजणांचे पुढे काय झाले, याचा माग ठेवणारी यंत्रणा कोणत्याही विद्यार्थी संघटनेकडे नव्हती. घोषणा ओसरल्यावरचे काम कंटाळवाणे असते. ते कागदपत्रांचे असते.

हे काम अंगावर घेण्यास योग्य माणूस आपल्यातच आहे. जो स्वतः वाट बदलून आला, ज्याने पात्रतेच्या कागदासाठी तीन फेऱ्या मारल्या आणि अखेर पदवी घेतली, तो आज पंचविशीचा तरुण कोठेतरी नोकरीला आहे, संध्याकाळी विरारच्या फलाटावर उतरतो आहे. त्याला हे काम शिकवावे लागत नाही. त्याला फक्त बोलावणे हवे आहे. दर आठवड्याला दोन तास एखाद्या शाळेच्या वर्गखोलीत तो बसला आणि त्याच्यासमोर विद्यापीठाची परिपत्रके, आयोगाच्या अधिसूचना असल्या तर एका हंगामात शंभर मुलांचे वर्ष वाचू शकते. शिवाय आलेल्या प्रत्येक तक्रारीची नोंद ठेवली तर वर्षअखेर त्याच्या हाती जे असेल, ते मंत्रालयातल्या कोणत्याही अहवालापेक्षा अस्सल असेल. मग तेच कागद घेऊन त्याने कुलगुरूंपुढे आणि आमदारांपुढे उभे राहावे.

साधने हाताशी आहेत. आयोगाच्या २०२३च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक शिक्षणसंस्थेत तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठ पातळीवर लोकपाल असणे बंधनकारक आहे. समितीने कामकाजाच्या पंधरा दिवसांत अहवाल द्यावा, अशी मुदतही आहे. आपल्या गावच्या महाविद्यालयात ही समिती आहे का, तिची नावे फलकावर लावली आहेत का, हे एखाद्या स्वयंसेवकाने सायकलवर जाऊन पाहण्याइतके सोपे आहे. दुसरे साधन अधिसभेचे. पदवीधरांच्या दहा जागांसाठी मतदान फक्त नोंदणीकृत पदवीधर करतात. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई विद्यापीठात ही निवडणूक झाली आणि दहाही जागा युवासेनेने जिंकल्या. पराभवाची मीमांसा करताना यंत्रणा, पैसा, तारखा यांची चर्चा झाली. पण सात जिल्ह्यांच्या या विद्यापीठात नोंदणीकृत मतदारांची संख्या हजारांतच असते, ही गोष्ट अधिक बोलकी आहे. वसई-विरारमध्ये पदवीधर घराघरांत आहेत. त्यांतल्या बहुतेकांना अशी नोंदणी असते हेही ठाऊक नाही.

पुढची नोंदणी सुरू होईल तेव्हा अर्ज भरण्यास पदवी प्रमाणपत्राची प्रत लागेल. अनेकांचे ते प्रमाणपत्र अजून विद्यापीठातून आणलेलेच नसते. दीक्षान्त समारंभाला सुट्टी मिळत नाही म्हणून ते राहून गेलेले असते. त्या प्रमाणपत्रांपासूनच प्रारंभ करता येईल. प्रत्येक वस्तीत दहा पदवीधर गाठावेत, त्यांची प्रमाणपत्रे आणून द्यावीत, नोंदणीचे अर्ज भरून घ्यावेत, आणि त्याच बैठकीत घरातला किंवा शेजारचा कोणी शिक्षण मध्येच सोडून बसला आहे का, त्याचे श्रेयांक खात्यात आहेत का, तीन वर्षांची मुदत कधी संपते, हे विचारून वहीत लिहून घ्यावे.